दर्शनीच्या माळाखाली वाजंत्री थांबते

सांगवळ्याहून घाटाकडे निघालात की डाव्या हाताला जो उंच माळ लागतो, त्यावर भिंतींची एक लांबलचक रांग उभी आहे. लांबून बघणाऱ्याला वाटते, केवढे हे जुने शहर! सज्जे आहेत, महिरपी आहेत, खिडक्यांवर दगडी मोर आहेत. पाहुणे मंडळी फोटो काढत काढत वर येतात, एखाद्या दरवाजातून आत पाऊल टाकतात आणि तिथेच थबकतात. आत काहीच नाही. जोते नाही, चूल नाही, आड नाही, मोरी नाही. दरवाजाच्या पलीकडे कुसळी गवत आणि त्याच्यापलीकडे आभाळ. घरांना तोंडे तेवढी आहेत, पाठ एकालाही नाही. म्हणून याला दर्शनीचा माळ म्हणतात.

आणखी एक रीत आहे, ती पाहायची तर लग्नसराईत यावे लागेल. या माळाखालून वरात जाते तेव्हा वाजंत्री थांबते. पूर्वी सनई-चौघडा थांबायचा, मग बँड थांबू लागला, हल्ली डीजेसुद्धा थांबतो. बाहेरगावचा डीजेवाला कुरकुर करतो, पण सांगवळ्याची माणसे त्याचे चालू देत नाहीत. वरातीतली सगळ्यांत थोरली बाई पुढे होते, भिंतींकडे तोंड करून मुठीवर मूठ ठेवते आणि एक हाक देते. ती हाक कोणती, ते ओघात येईलच. आधी सांगितली तर पाहुणे हसतात, असा अनुभव आहे.

फार जुनी गोष्ट. या मुलखावर तेव्हा अमरोजी राजे राज्य करीत होते, असे सांगतात. राजा दुष्ट नव्हता म्हणे, पण त्याची गादी डुगडुगत होती. पावसाने पाठ फिरवलेली, कोठारे खरवडून झालेली, भाऊबंद टपून बसलेले. अशात बातमी आली की बादशहाचा वकील दौऱ्यावर निघाला आहे आणि ज्याचे राज्य त्याच्या डोळ्यांत भरेल त्याच्याच नावे तो सनद देणार आहे. गावोगावचे पाटील राजाकडे गेले. म्हणाले, महाराज, माळाच्या पायथ्याला तळे खोदू, हाताला काम मिळेल, पुढेमागे पाणीही मिळेल. राजाने सगळे ऐकून घेतले. पण पाऊस पडेपर्यंत तळे म्हणजे एक मोठा खड्डाच, आणि वकिलाला खड्डा दाखवून सनद कोण देणार? राजाने ठरवले, माळावर नवी राजधानी उभारायची.

आता शहर उभे राहायला पिढ्या लागतात आणि वकील तर वेशीवर येऊन ठेपलेला. तेव्हा कारभाऱ्याने शक्कल काढली. वकील राजमार्गाने येणार आणि राजमार्गानेच जाणार. मग राजमार्गावरून दिसते तेवढेच बांधायचे. पाथरवटांनी नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या. त्यांच्या पाठीला बांबूचे माच बांधले, फटींत पेंढा कोंबला, उघडे दिसेल तिथे रंगवलेले कापड ताणले. आणि खरे बोलायचे तर लोकांनाही ते आवडू लागले होते. अर्ध्या भाकरीवर दगड वाहणारी माणसे सांजेला घरी परतताना मागे वळून बघत आणि म्हणत, आपलं शहर बघा! पोट रिकामे होते, पण छाती भरून येत होती. कारभाऱ्याला हेच तर हवे होते.

सांगवळ्याच्या सिदू गुरवाचीही छाती अशीच भरून आली होती. सिदू देवळात नगारा वाजवायचा. त्याला लेक एकच, गौरा. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती बापाच्या मागे मागे देवळातच वाढली. नगारखाना देवळाच्या महाद्वारावर आणि गाभारा पार आत, त्यामुळे आरती संपली हे सिदूला वरून कळायचे नाही. मग गौरा सभामंडपाच्या दारात उभी राहायची. आरती संपली की ती हात वर करून मुठीवर मूठ ठेवायची, आणि ते पाहिले की सिदूची टिपरी थांबायची. गावात सगळ्यांना ही खूण ठाऊक होती. बापलेकीचे देवळाबाहेरचे बोलणेही पुष्कळसे असेच चालायचे. सिदू गावगप्पा लांबवू लागला की गौरा लांबूनच मुठीवर मूठ ठेवी आणि लोक हसत.

राजाने मिरवणुकीच्या हत्तीवर नगारा वाजवायला सिदूला बोलावले. नगारा म्हणजे मिरवणुकीचा हुकूम. तो वाजेल तोवर प्रत्येक खिडकीत एक माणूस, हातात पेटती पणती घेऊन, हसऱ्या तोंडाने हात हलवीत उभे असले पाहिजे. नगारा थांबला की मिरवणूक गेली, मग खाली उतरावे. घरटी एक माणूस खिडकीत द्यायचे होते. सिदूने कारभाऱ्याचे पाय धरून लेकीसाठी भर चौकातली खिडकी मागून घेतली. सगळ्यांत उंच, सगळ्यांत नटवलेली. आपल्या पोरीने जन्मात एकदा तरी राजवाड्याच्या खिडकीतून बघावे, एवढीच त्याची हौस होती.

आदल्या दिवशी तालीम झाली. गौरा घरी परतली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, त्या खिडकीच्या मागं काय बी न्हाई वो. पाय ठेवाया दोन बांबू हायती, खाली समदं पोकळ."

"अगं, एका सांजंचा तर खेळ," सिदू म्हणाला. "वकील काय मागं जाऊन बघतुय व्हय?"

"वकिलाचं न्हाई म्हनत मी. माजं म्हनते."

सिदू हसला आणि नगाऱ्याचे कातडे शेकायला घेऊन बसला. लेकीच्या बोलण्यात भीती होती, हे त्याला कळले नाही असे नाही. पण एवढा मान पदरात पडला असताना तो परत कोण करणार?

तालमीत आणखी एक घोटाळा झाला होता. हत्ती बघायला कितीतरी माणसे माचावरून खाली उतरली आणि खिडक्या रिकाम्या पडल्या. कारभारी संतापला. मिरवणुकीच्या दिवशी सगळे वर चढले की शिड्या काढून घ्या, असा त्याने हुकूम दिला. शिड्या वेशीच्या कमानीवर तोरणे बांधायला गेल्या.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली. असे दृश्य या मुलखाने कधी पाहिले नव्हते, असे सांगतात. ओळीने खिडक्या, खिडकीखिडकीत दिवा, दिव्यामागे हसरा चेहरा आणि हलणारा हात. वकिलाने अंबारीतून मान वर केली ती खाली घेतलीच नाही. चौकात आल्यावर तो म्हणाला, इथे जरा थांबू. राजाचा ऊर भरून आला. त्याने सिदूकडे पाहून हात हलवला, वाजव, आणखी जोरात वाजव.

एवढ्यात माळावरचे वारे सुटले. कुठल्याशा खिडकीत पणतीची ज्योत कापडाला लागली, कापडाची पेंढ्याला, पेंढ्याची बांबूला. भिंतीमागून उजेड चढू लागला. खाली उभ्या असलेल्यांना वाटले, ही कारभाऱ्याची आतषबाजी. लोक टाळ्या पिटू लागले. खिडक्यांतली माणसे हात हलवीत होती, पण हात तर ती आधीपासूनच हलवीत होती. ओरडतही होती म्हणे, पण नगाऱ्यापुढे कुणाचे काय ऐकू येणार? वकील म्हणाला, वा, असा उजेड बादशहाच्या शहरातही पाहिला नाही.

सिदू हत्तीवर बसलेला, खिडक्यांच्या उंचीवर. त्याने गौराकडे पाहिले. सगळे हात हलवीत होते आणि गौरा तेवढी हलवीत नव्हती. तिने हातातली पणती टाकून दिली होती. दोन्ही हात वर करून तिने मुठीवर मूठ ठेवली होती.

सिदूला कळले. त्याच क्षणी कळले, यात शंका नाही. पण राजाचा हात वर होता, शेजारी बादशहाचा वकील होता, आणि राजाज्ञेवाचून नगारा थांबवणाऱ्याचे हात तोडतात हे त्याला ठाऊक होते. सिदूने आणखी एक आवर्तन वाजवले. सांगणारे इथे नेहमी थांबतात. त्याला भेकड म्हणावे असे कुणाला वाटत नाही, कारण त्या जागी आपण असतो तर किती आवर्तने वाजवली असती, हे ज्याचे त्याला माहीत.

मग त्याने टिपऱ्या नगाऱ्यावर आडव्या ठेवल्या.

नगारा थांबला आणि तो आक्रोश सगळ्या माळाला ऐकू आला. टाळ्या पिटणारे हात तसेच राहिले. राजा ओरडला, "वाजव!" सिदू हलला नाही. नगारा बंद होताच लांबच्या खिडक्यांतल्या माणसांनी हुकूम संपला असे धरून खाली उड्या घेतल्या, खालच्यांनी त्यांना झेलले, घोंगड्या ताणल्या, पागोटी सोडून वर फेकली. पुष्कळ वाचले. चौकातला माच मात्र तोवर कोसळला होता. भर मानाच्या खिडकीत आभाळ दिसत होते आणि त्यात ठिणग्या उडत होत्या.

सनद मिळाली म्हणे. वकिलाने माळावरच्या उजेडाचे वर्णन केले आणि बादशहा खूश झाला. पण अमरोजी राजांना पुढे कुठलेही वाद्य सोसेना. नगाऱ्यावर टिपरी पडली की ते दोन्ही हातांनी कान झाकून घेत आणि विचारत, याच्याखाली कोण ओरडते आहे ते आधी बघा. सिदूचे हात तोडायला शिपाई आले होते, पण वाचलेली माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी राहिली आणि शिपाई परत गेले. सिदूला त्याचेही सुखदुःख नव्हते. तो माळाच्या पायथ्याला खोपट घालून राहिला. रोज दिवेलागणीला भिंतींपुढे जायचा, मुठीवर मूठ ठेवायचा आणि हाक द्यायचा, "मिरवणूक गेली गं, उतर आता!" मग बराच वेळ ऐकत उभा राहायचा.

मधे एकदा सरकारी महोत्सव झाला. भिंतींवर रंगीत दिवे सोडले, मोठे व्यासपीठ घातले, कुणी मंत्रीही आले होते. सांगवळ्याच्या पोरांचे ढोलपथक ऐन रंगात आले आणि चौकासमोर येताच गपकन थांबले. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सूचना होत राहिल्या, पण एकाही पोराने टिपरी उचलली नाही. गर्दीतून एक म्हातारी पुढे झाली आणि तिने हाक दिली. एवढ्या माणसांत तेव्हा कुणी खोकलेसुद्धा नाही.

आजही वरात इथे थांबते. "मिरवणूक गेली गं, उतर आता!" अशी हाक जाते आणि एक आवर्तन होईल एवढा वेळ सगळे उगी राहतात. नव्या नवरीने त्या वेळी चौकातल्या उंच खिडकीकडे बघू नये, असे तिला आधीच बजावलेले असते. तरी एखादी बघतेच. अशा काही जणींनी पुढे सासरी, पुष्कळ दिवसांनी, सांगितले आहे की तिथे एक मुलगी उभी असते, आणि तिची मूठ अजून मुठीवर आहे. नगारा थांबायला एक आवर्तन उशीर झाला आणि तो थांबला हे तिला कळलेच नाही. म्हणून सांगवळ्याची प्रत्येक वरात तिच्यासमोर थांबून दाखवते.