प्रकाशाने पाडलेला खळगा

एकदा एका विद्यार्थिनीने आरशाहूनही नितळ काच घडवली. तिचे नाव अमृजा. त्या काचेवर लेसरचा प्रखर झोत पडला की पृष्ठभागाचा क्षणार्धात प्लाझ्मा होई, म्हणजे विद्युत्भारित वायूचा थरथरता आरसा. तंबोऱ्याच्या तारेतून वरचे स्वर निघावेत, तशा परतणाऱ्या प्रकाशात मूळ कंपनांच्या कित्येक पट वेगवान लहरी उमटत. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्या लहरी एका अरुंद किरणात मिळाल्या, तर इलेक्ट्रॉनांची हालचाल टिपता येणार होती.

पण दोन वर्षे पडद्यावर फिकट, फाकलेला डागच येत राहिला. अमृजा काच पुन्हा पुन्हा घाशी, झोत तिच्यावर अधिकाधिक अचूक एकवटी. डाग आणखीच फाके. लेसरचे यंत्र दुसऱ्या गटाकडे जायला एकच दिवस उरला, तेव्हा ती आपल्या वृद्ध गुरूंकडे, धारवाडकर सरांकडे, गेली.

"सर, माझ्या हातातच खोट आहे. मी हा विषय सोडते."

सरांनी तिची वही शांतपणे चाळली, काच भिंगाखाली पाहिली. "इतकं नितळ काम मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही," ते म्हणाले. मग प्रयोगशाळेत येऊन त्यांनी ती काच पुन्हा यंत्रात बसवली आणि स्क्रू फिरवून केसभर मागे सरकवली.

"सर! तिथे झोत एकवटून पुन्हा पसरायला लागतो!"

"लागू दे. सोड झोत."

पडद्यावर बारीक, तेजस्वी ठिपका उमटला. अमृजा पडद्याजवळ धावली.

सर म्हणाले, "काच सपाट होती, पण झोत येईपर्यंतच. एवढ्या प्रखर प्रकाशाला दाब असतो, बाळ. त्याने प्लाझ्मा वाटीसारखा आत दबतो. खोलगट आरसा किरण जवळच एकवटतो आणि पुढे ते फाकतात. म्हणून आपण आधीच थोडा पसरणारा प्रकाश पाठवला. टॉर्चमधली वाटी दिव्याचा उजेड सरळ करते, तसा त्या खळग्याने तो सरळ केला."

"म्हणजे माझं घासणं वाया गेलं?"

"ते नसतं तर खळगा इतका सुबक पडलाच नसता."

"पण तुम्हाला हे कळलं कसं?"

"तुझ्याच नोंदींवरून. झोत प्रखर झाला की डाग फाकतो, हे तू दर वेळी प्रामाणिकपणे लिहिलंस. मी फक्त वाचलं."

अमृजा वहीतली ती पाने पहिल्यांदाच न खंतावता वाचू लागली. आपण जिथे सारी शक्ती लावतो, ते आपल्याच स्पर्शाने बदलत असते. पुढचा प्रयत्न त्या बदललेल्या रूपाला पाहून करावा.