हातभर नळी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. एका ठिकाणी नसेल. ते शेवटी कबूल करीन.

पूर्वी शालिवती नगरीत अरुणक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या कोठारांचा तपासनीस होता. नाव शोभित. साळीच्या राशीत बांबूची पोकळ नळी खुपसायची, तिच्यात आलेले दाणे पाहायचे आणि दारावर मोहर उठवायची, हे त्याचं काम. रिवाज असा, की नळी कोठाऱ्यानं द्यायची आणि तपासनिसानं जेवायचंही त्याच्याच घरी. कोठारी कालक हा राणीचा भाऊ.

सात वर्षं शोभितानं पिवळीधमक साळ पाहिली. आठव्या वर्षी दुष्काळ पडला. कोठारं उघडायला आठ दिवस उरले असताना त्याच्या ध्यानात आलं, की भिंतीला बिळं आहेत, पण उंदीर एकही नाही. त्यानं पुरुषभर लांबीचा बांबू स्वतः तोडून आणला.

कालक हसला. "शोभितभाऊ, आमची नळी हाताला टोचायला लागली का? जेवण तर गोड लागायचं."

"तेच चुकलं माझं."

वर हातभर साळ निघाली. खाली नुसता भुसा.

कालकाचं हसू मावळलं. "मोहर उठव. बोललास, तर आधीच्या सात मोहरा तुझ्याच आहेत. पहिली मान तुझी जाईल."

ते खरं होतं.  तरी दोन्ही नळ्या उचलून शोभित राजाकडे गेला.

"महाराज, आखूड नळी कोठाऱ्याची, लांब माझी. भुसा त्याचा, मोहर माझी. शिक्षा मागाहून करा. आधी गाड्या जुंपा. नदीपलीकडे अजून भात मिळतंय."

राजानं विचारलं, "नळी कोठाऱ्यानं द्यावी, हा नियम कुणाचा?"

"आपल्या आजोबांचा."

"मग दोष माझ्याही घरचा आहे."

गाड्या निघाल्या. नगर जगलं. त्या दिवसापासून तपासनीस नळी राजाच्या हातून घेऊ लागला, स्वतःच्या घरी जेवू लागला आणि पाहिलेलं थेट राजालाच सांगू लागला. शोभितानं रदबदली केली, म्हणून कालकाचा जीव वाचला. घरोघर धान्य वाहून नेण्याचं काम त्याला मिळालं.

विहारात ही गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आनंद. शोभित मीच होतो." कालकाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण विहारात भात वाढणाऱ्या एका भिक्षूनं मान खाली घातली. त्या जन्मी बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या व्रताची पूर्तता, घडली, ती अशी.

आता कबुली. राजानं पहिल्याच खेपेला ऐकलं, हे पदरचं. शोभिताला तीनदा जावं लागलं होतं.