भाऊसाहेबांचे बूट

कुरवंडी देवस्थानची वेबसाइट केतकी ढवळेनं एकटीनं उभी केली होती. पण ती किती जण बघतात हे मोजणारी दोन साधनं होती. एक म्हणे नऊशे, दुसरं म्हणे सहाशे. भरल्या सभेत अध्यक्ष भाऊसाहेब कडाडले, "दोन आकडे म्हणजे एक खोटा! खोटेपणा करणाऱ्याला इथं काम नाही."

केतकीची मान काही खाली गेली नाही. तिनं दारावरच्या बापूंना विचारलं, "आज किती माणसं आत आली?"

"साठ."

"आणि सखूमावशी, चपलांचे किती जोड सांभाळताय?"

"पन्नास."

"ऐकलंत, साहेब? बापू आत येणारा प्रत्येक जण मोजतात. तुम्ही फोनसाठी तीनदा बाहेर जाऊन आलात, म्हणून त्यांच्या हिशेबी तुम्ही चार वेळा आलात. मावशी चपला मोजतात. तुमचे बूट गाडीत, म्हणून त्यांच्या हिशेबी तुम्ही आलाच नाहीत! साइटवरही तसंच. एक साधन प्रत्येक फेरी मोजतं, दुसरं ज्याच्या फोनमध्ये साइटची खूण राहते तेवढाच माणूस मोजतं, तोही एकदाच. आता तुम्हीच सांगा, बापू खोटे की मावशी?"

सभेत खसखस पिकली. आणि पुढच्या सभेला मावशींकडच्या चपलांच्या ढिगात सगळ्यांत वर भाऊसाहेबांचे बूट होते.