एका घासाची पैज

खाटकाच्या पोटी जन्मलेले आल्डन प्रूइट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिलंच काम काढलं ते डबाबंद मांसाचे कारखाने तपासण्याचं. कायद्याचा कागद सहीला आला, तसे बडे कारखानदार बॅग्ली तणतणत त्यांच्या कचेरीत शिरले. अर्धा पक्ष याच गृहस्थांच्या जिवावर चालायचा.

"माझा माल सगळा देश मिटक्या मारत खातो. सही केलीत, तर पुढच्या निवडणुकीत घरी बसाल."

धमकी पोकळ नव्हती, हे प्रूइटना ठाऊक होतं. त्यांनी बॅग्लींच्याच कारखान्याचा डबा मागवला, बशीत उपडा केला आणि काटा पुढे सरकवला.

"माझे वडील दुकानातलं मटण आधी घरी शिजवून स्वतः खायचे, मगच विकायचे. तुम्ही एक घास खा, मी हा कागद फाडतो."

बॅग्लींनी काटा मागे सारला. मग घाम पुसत म्हणाले, "आज शुक्रवार. शुक्रवारी मी मांसाला शिवत नाही."

"मग उद्या जेवायलाच या. नवा डबा उघडू, चार वार्ताहरांनाही बोलावू. तोवर सही थांबवतो."

बॅग्लींनी हॅट उचलली. दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "थांबताय कशाला? करून टाका."