शिदोबाचं मोल

एका गावात एक भोळा टोपल्यावाला होता, शिदोबा. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको येसू दुसरा वापरायची. टोपल्या येसू विणायची, बाजारात शिदोबा न्यायचा. त्यावर घर चालायचं, म्हणजे रखडायचं.

एकदा येसू म्हणाली, "अवं, बाजारात जबरदस्ती चालत नाय. पटलं तर गिऱ्हाईक घेईल, नाय पटलं तर जाईल. त्याच्या मर्जीवर सोडा."

शिदोबा बाजारात बसला.

"टोपली केवढ्याला?"

"तुमची मर्जी."

"मग फुकट नेतो."

"न्या की."

घटकेत टोपल्या संपल्या. एवढा खप त्या बाजाराने पाहिला नव्हता.

येसूने कपाळावर हात मारला. "बाजारात फुकट कुणाला काय द्यायचं नसतं. मोल सांगायचं."

पुढच्या बाजाराला निघाला, तर वाटेत पाटील ओढ्याच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेले.

"शिदोबा, हात दे!"

"केवढ्याला घेता?"

भाव जुळेना. पाटील छातीपर्यंत गेले, तरी जुळेना. शेवटी गुराख्यांनी त्यांना ओढून काढलं. बाहेर आल्यावर पाटलांनी सगळी किंमत जोड्याने चुकती केली.

येसू पाठ शेकता शेकता म्हणाली, "अडल्या माणसाला कुणी भाव सांगतं का? अन् ऐका, जे आपल्या मालकीचं, तेवढंच विकायचं असतं."

हे शिदोबाला फार पटलं. तिसऱ्या बाजाराला तो विचार करत बसला. टोपल्या येसूच्या. डोक्यावरचा पटका सासऱ्याचा. धोतर मेव्हण्याचं. मग आपल्या मालकीचं काय? आपण स्वतः.

संध्याकाळी टोपल्या तशाच घेऊन तो घरी आला. येसूच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि म्हणाला, "येतो मी. मालक वाट बघतायत."

"कोण मालक?"

"रामलिंगशेठ, धान्यवाले. त्यांना पटलं, मला पटलं. जबरदस्ती कुणाची नव्हती."

तो गेलासुद्धा. येसू रात्रभर रडली. नवरा कसाही असला तरी तिचा होता. सकाळ होताच पैसे पदराला बांधून ती बाजारात धावली.

इकडे शेठ डोकं धरून बसले होते. 'दुकानाकडे बघत बस' एवढंच ते सांगून गेले होते. शिदोबा रस्त्यापलीकडे बसून बघत होता. दोन बैलांनी गहू खाल्ला, तेही त्याने नीट बघितलं.

येसूने पदराची गाठ सोडायच्या आत शेठने हात जोडले. "बाई, पैसे राहू द्या. ह्याला फुकट घेऊन जा."

येसूच्या जिवात जीव आला. तिने शिदोबाचा हात धरला. त्याने दुकानाचा खांब धरला.

"शेठ, बाजारात फुकट कुणाला काय द्यायचं नसतं," तो म्हणाला. मग पटका सारखा करून येसूकडे वळला.

"बाई, तीनशे पडतील. पटलं तर घ्या, नाय पटलं तर चला. जबरदस्ती नाय."