दोन दगड कमी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे हौशी होते आणि शिक्षा स्वस्त. अशाच एका राजाने राजधानीत मोठं पटांगण बांधायला काढलं. राज्यातल्या दर घराने सारख्या मापाचा एक दगड द्यायचा. दगड फोडायचा नाही, कारण फुटका दगड अशुभ. एकही उरवायचा नाही, कारण ज्याचा उरेल त्या घराचा तो अपमान. आणि पटांगणाच्या चारही कडा सरळ हव्यात.

मोजणीदाराने घरं मोजली. भरली नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. तेवढे दगड आले आणि वेशीबाहेरच्या पाथरवटाला कामाला लावलं.

त्याने बहात्तर दगडांची ओळ धरली, तर शेवटी सदतीस उरले. नव्वदची धरली, तर त्र्याहत्तर. राजा संतापला. “आठ दिवसांत बसव, नाहीतर बायकोला घेऊन राज्याबाहेर चालता हो.”

पाथरवटाने अंगणातल्या धुळीत भागाकार मांडले. दोनपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक ओळ तपासली. दर वेळी काहीतरी उरलंच. पुढे जाण्यात अर्थ नव्हता, कारण शंभर ओळी केल्या की एका ओळीत शंभर दगडही येत नाहीत. तोच मेळ फक्त आडवा होऊन परत येतो. काही संख्या असतातच अशा. कितीही मोठ्या असोत, त्यांचे सारखे वाटे होत नाहीत.

सातव्या दिवशी बायको बोचकं बांधता बांधता म्हणाली, “दर घराचा दगड म्हणे. आपल्या दारात कोण आलं मागायला? हे काय घर नव्हे?”

पाथरवट पुन्हा धुळीशी बसला. एक दगड वाढवला, तर फक्त दोन लांबलचक ओळी जमल्या; ते पटांगण कसलं, पाणंदच झाली. दोन वाढवले, आणि एकशे पाच दगडांच्या पंच्याण्णव ओळी बिनचूक बसल्या. एक दगड आपला. दुसरा कुणाचा हे लक्षात आलं, तेव्हा तो घाबरला. तरी तो दरबारात गेला.

“महाराज, दोन घरं मोजायची राहिलीत. एक माझं.”

“आणि दुसरं?”

“आपलं.”

मोजणीदार पुटपुटला, “राजवाड्याला घर कसं म्हणायचं, महाराज?”

राजाला राग आला होता, आणि लाजही वाटली होती. शेवटी तो उठला आणि खाणीवरून एक दगड स्वतः वाहून आणला. सवय नव्हती, वाटेत तीनदा टेकवावा लागला. शिक्षा रद्द झाली. शेवटच्या ओळीत राजाचा आणि पाथरवटाचा दगड शेजारी शेजारी बसले, आणि चारही कडा सरळ आल्या.

बोध एवढाच: दुसऱ्याला खालचा म्हणून आणि स्वतःला वरचा म्हणून जो मोजणीतून वगळतो, त्याचं गणित कधीच सुटत नाही.