खडकोळीचा बाजार बाईच्या तोंडून उघडतो

अहो ताई, वांग्यांना हात लावू नका. ती बाई आत्ता भाव सांगणार नाही, पाया पडलात तरी नाही. बघा, सगळा माल झाकलेला आहे आणि एकही तागडी उचललेली नाही. वेशीजवळ तो काळा दगड दिसतो ना, त्यावर गावातली एक बाई चढून आठवडाभरात कोणी कोणावर अन्याय केला ते नावानिशी सांगेल. त्याशिवाय खडकोळीचा बाजार उघडत नाही. बाहेरचे व्यापारी बोटं मोडतात. मोडू देत.

ही चाल चिमाबाई कासारणीपासून पडली, असं सांगतात. तिचा नवरा मार्तंड. घराण्याचा धंदा बांगड्यांचा, पण या गृहस्थाच्या डोक्यात भलतंच खूळ. पायानं चालवायचं छापायचं यंत्र बैलगाडीतून आणलं आणि ‘चव्हाटा’ नावाचं साप्ताहिक काढलं. जेमतेम एक पावसाळा चाललं म्हणे. मार्तंड लिहायचा आणि चिमाबाई छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. तिला लिहिणं-वाचणं त्या खिळ्यांवरच आलं, त्यामुळे ती सुलट्यापेक्षा उलटं भराभरा वाचायची. गाव हसायचं.

पहिले अंक गोडीगुलाबीचे होते. बाजाराचा ठेकेदार रंगराव देशमुख स्वतः माणूस पाठवून अंक मागवायचा. मग एका रविवारी धोंडू भोयानं त्याची पालखी फुकट वाहायला नकार दिला. रंगरावानं भर बाजारात त्याला काठीनं मारायला घेतलं, आणि मेल्यावरही हात थांबवला नाही. सगळा बाजार आपापल्या टोपलीत बघत बसला. चिमाबाईचा धाकटा भाऊ भगवंता भांड्यांचं दुकान मांडून समोरच होता, तोही कळशी पुसत राहिला. धोंडू गाडीवरून पडून मेला, असं पाटलानं वर कळवून टाकलं.

मार्तंडानं खरं ते लिहिलं. जुळवायला बसली तेव्हा चिमाबाईचा हात थबकला.

“नाव कशाला? एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणा की,” ती म्हणाली.

“मग धोंडूला काय प्रतिष्ठेनं मारलं?” मार्तंड म्हणाला.

तिनं रंगरावाचं नाव जुळवलं.

रविवारी सकाळी अंकांचे गठ्ठे बांधून झाले, तोच कुणकुण लागून रंगरावाची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. गठ्ठे अंगणात पेटवले. मार्तंडाचा लिहिता हात यंत्रात घालून चेंदला आणि मग मानेवर घाव घालून त्याला संपवलं. चिमाबाईला केसाला धरून ते सगळं बघायला लावलं. मग ते निघून गेले, कारण कागद जळला की पेपर संपला, एवढीच त्यांची अक्कल. खिळ्यांचं जुळवलेलं पान लोखंडी चौकटीत आवळलेलं तसंच दगडी ओट्यावर पडलं होतं. त्यावर मार्तंडाचं रक्त उडालेलं.

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, चौकट उचलली आणि बाजारात आली. या दगडावर चढली. चौकट पुढ्यात धरून, पदरानं रक्त पुसत, ती ओळ न् ओळ वाचू लागली. रंगराव तिथंच गादीवर बसलेला. त्याच्या माणसानं कुऱ्हाडीचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. दात पडले, ती वाचत राहिली. दुसरा घाव खांद्यावर बसला. चौकट निसटली, खिळे चिखलात विखुरले आणि ती पडली.

वाक्य अर्धं राहिलं होतं. पण पुढचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. कोथिंबीर विकणारी एक म्हातारी उठली आणि तिनं ते वाक्य पुरं केलं. मग दुसरी बोलली. मग सगळा बाजारच बोलू लागला.

रंगराव पळायला उठला तेव्हा भगवंतानं हातातलं पितळी पातेलं त्याच्या डोक्यात घातलं. मागून लोकांनी तराजूतली वजनं उचलून त्याच्यावर फेकली. त्या ढिगाखाली माणूस ओळखू येईना, असं म्हणतात. आमच्या गावात हा भाग मिशांना पीळ देऊन सांगतात. मला तो सांगताना लाज वाटते.

सरकारी माणसं आली. कोणी मारलं? कोणाला ठाऊक नाही. सगळं गाव एक झालं.

चिमाबाई वाचली. उभं राहता येऊ लागलं त्या रविवारी ती पुन्हा दगडावर चढली. लोकांनी हार आणले होते. भगवंता पुढं उभा राहून बहिणीकडे कौतुकानं बघत होता. फुटक्या तोंडानं तिनं रंगरावाला मारणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, आणि पहिलं नाव भगवंताचं घेतलं.

“अक्का, तुझ्यासाठी केलं गं,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि रडत रडत पुढची नावं सांगत राहिली. ज्यांची नावं आली त्यांतला एकही जागचा हलला नाही, असं सांगतात. भगवंताला फाशी झाली. माहेरचं दार तिला पुन्हा उघडलं नाही.

आजही दगडावर चढणारीला पहिलं नाव आपल्या घरातलं घ्यावं लागतं, मग गावचं. गेल्या रविवारी एक सून चढली, बराच वेळ नवऱ्याकडे बघत उभी राहिली आणि नाव न घेताच उतरली. त्या दिवशी इथं मिरचीसुद्धा विकली गेली नाही. आजही तीच चढते आहे, बघा.